पोळ्याच्या आत एक काटवल

१२ जून, बुधवार
निघाले! तिन्हीच्या तिन्ही निघाले! सकाळी चहा घेऊन घरामागच्या बाडीत गेले तर ओल्या मातीला तडा आणि त्यातून तांबूस-हिरवं टोक. आधी वाटलं गवत. खाली बसून पाहिलं. गवत नाही, काटवलच, कर्टुल्याचा वेल!

लगेच सुनंदाला फोन. बहीण असावी तर अशी, सालेकशाकडच्या जंगलातून कंद खणून एसटीने पाठवले बिचारीने. चहा कुंपणावर तसाच राहिला, मुंग्या लागल्या.

आईंनी ओसरीतल्या खुर्चीवरून विचारलं, "कायले नाचून राहिली वं?" सांगितलं. तर म्हणे, "काटवल घरी नाही लागत. रानाचं हाये ते. माह्या सासूनं कधी लावलं नाही, तिच्या सासूनंबी नाही."

बरं. मग या घरच्या सुनांत मी पहिली.

१४ जून, शुक्रवार
हे मालाच्या गाडीतून दोन थैल्या सिमेंट घेऊन आले. ओसरीत ठेवल्या, वरून प्लास्टिक. सगळी बाडी पक्की करायची म्हणतात. दारापासून न्हाणीपर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

कारण खोटं नाही. मागच्या पावसात आई न्हाणीकडे जाताना चिखलात घसरल्या, किती दिवस खाटेवर होत्या. मीच तर केलं सगळं. पण म्हणून पूर्ण बाडी? माझी वांगी, मिरच्या, कढीपत्ता, आणि हे कालपरवाचे तीन कोंब?

भांडले. जोरात भांडले. शेवटी सौदा ठरला. पोळ्याच्या दिवशी घरच्या काटवलाची भाजी यांच्या ताटात दिसली तर बाडी माझी. नाही दिसली तर सिमेंट. टाळी दिली. साक्षीदार आई.

"दोन वर्षांमागं मशरूम, मागल्या साली स्ट्रॉबेरी," हे हसत. "आता काटवल." हसा, हसा.

२० जून, गुरुवार
माती नव्याने भरली. दोन टोपली माती, एक टोपलं मुरलेलं शेणखत, एक टोपलं राइस मिलची राखड. आपली माती पाणी धरते, कंद सडतो, म्हणून तिन्ही कोंबांभोवती ओटे करून उंचावर घेतलं. बाजूने पाणी जायला चर. वरून धानाचं तणीस अंथरलं, पावसाने उडणाऱ्या मातीचा मार बसत नाही पानाला.

राखड यांच्याच गाडीतून आली! मिलवर माल भरायला गेले होते, एक थैली टाकून आणा म्हटलं. आणली. शत्रूच्या गाडीतून रसद.

२ जुलै, मंगळवार
मांडव झाला. चार बांबू, वर जुन्या साडीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या. ब्लाउजच्या कामातून उरलेल्या काठांच्या दोऱ्या. दिसतो असा की बारसं आहे घरी.

वेलांची नावं ठेवली. सगळ्यात जोरात चढून राहिला तो पैलवान. दुसरी ठमी, जाड पण सावकाश. तिसरी लाजरी, पानं दुमडूनच असतात.

आईंना नावं सांगितली. म्हणे, "तुले ब्लाउज शिवाचे नाहीत का?" आहेत. पाच राहिले आहेत. होतील.

१५ जुलै, सोमवार
लाल भुंगे! लाजरीचं एक पान चाळणी करून टाकलं. औषध मारणार नाही, खायची वस्तू आहे. चुलीची राख चाळून जुन्या मोज्यात भरली आणि पहाटे दव असताना पानांवर आपटली. राख दवाला चिकटते, भुंग्याला बसता येत नाही. मोजा यांचा होता. विचारलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार
फूल! पैलवानाला फूल!! संध्याकाळी दिवा लावायला गेले तर पिवळंधमक, पातळ पाकळ्यांचं. बारीक गोडसर वास. उद्या आणखी चार उमलतील, कळ्या मोजूनच आले. शिरा केला, साजूक तुपातला. आईंना वाटी भरून. यांना थोडा, हरणाऱ्याला जास्त गोड कशाला.

"फुलाची भाजी करून घालतं का?" हे म्हणाले.

झोप येऊन नाही राहिली. साठ वेलांची बाडी दिसते डोळ्यापुढे.

१ ऑगस्ट, गुरुवार
आज एक मोठं काम केलं. पैलवान उपटला.

रोज संध्याकाळी फुलं, दुसऱ्या दिवशी गळली, खाली फळाचा पत्ता नाही. नुसता मांडव अडवून बसलेला. आणि ठमी-लाजरीला आता कळ्या आल्या, तर प्रत्येक कळीखाली एवढीशी काटेरी गोळी! ज्वारीच्या दाण्याएवढी, पण काटवलच. मग फुकट खाणाऱ्याला कशाला पोसायचं? कंदासकट ओढला आणि मागच्या नाल्यात फेकला. नाला भरून वाहत होता, गेला पार.

मांडव मोकळा झाला. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

७ ऑगस्ट, बुधवार
ठमीची पहिली गोळी पिवळी पडली. हात लावला तर गळाली. होतं असं एखादं.

१० ऑगस्ट, शनिवार
एखादं नाही. सगळ्या. संध्याकाळी छान उमलतात, सकाळी माना टाकतात, तिसऱ्या दिवशी खाली. पाणी कमी नाही. खत जास्त झालं का? ताक दिलं, हिंगाचं पाणी दिलं. काही नाही.

आई म्हणाल्या, "म्हटलं होतं ना, रानाचं हाये." टोमणा नव्हता, नुसतं म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

हे थैल्यांवरचं प्लास्टिक उचलून पाहून राहिले. "सिमेंट ओल धरून राहिलं. पोळा लवकर आला पाहिजे बाप्पा."

१२ ऑगस्ट, सोमवार
हाय रे माझ्या कर्मा!

भोपळ्याच्या वेलाशी उभी होते. दरवर्षीप्रमाणे नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावून राहिले, आणि हात तसाच थांबला. भोपळ्याला दोन्ही फुलं एकाच वेलावर येतात. नराखाली फळ नसतं, मादीखाली असतं. आणि पैलवानाच्या एकाही फुलाखाली गोळी नव्हती. पैलवान नर होता! अख्खा वेलच नर! ठमी आणि लाजरी माद्या. आणि मी नवरदेवालाच नाल्यात फेकला.

वर्षानुवर्षं भोपळ्याला हाताने फूल लावणारी बाई मी. मला हे सुचू नये?

ओसरीत जाऊन सांगितलं तर आई आधी बघतच राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग आयकलं होतं. उतावळ्या सासूनं जावईच बुडवला, हे नवीन हाये!"

मीही हसले. मग न्हाणीत जाऊन रडले थोडी.

आईंना तरी कुठून माहीत असणार. रानात दोन्ही वेल असतातच, कोणी नर-मादी पाहत बसत नाही. तोडून आणायचं आणि कांदा घालून परतायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

१५ ऑगस्ट, गुरुवार
सुनंदाशी बोलणं झालं. तिच्या घरामागच्या टेकडीवर नराचे वेल फुलावर आहेत! पण फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी बाद. तोडून एसटीत दिलं तर पोचेपर्यंत चोळामोळा. ती म्हणते, कळ्यांची फांदी कापून पाण्याच्या बाटलीत घातली तर संध्याकाळपर्यंत जगेल, इथंच उमलेल. पण आणणार कोण? रविवारी हे तिकडे माल घेऊन जाऊन राहिले. यांना सांगू? सौदा यांच्याशीच, आणि मदतही यांनाच मागू?

नाही मागणार.

१७ ऑगस्ट, शनिवार
मागितली. जेवताना, मान खाली घालून. हे म्हणाले, "म्हणजे मी स्वतःच आ बैल मुझे मार करू?" आणि हात धुवायला उठले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
आणलं!! आणलं यांनी!!

दुपारी चारला गाडीचा आवाज आला. मी मुद्दाम उठले नाही, शिवत राहिले. हे आत आले, हातात पाण्याची बाटली, बाटलीत काटवलाची हातभर फांदी, कळ्याच कळ्या. गाडीत पुढच्या सीटवर ठेवून, वरून स्वतःचा गमछा टाकून आणली. "हलू नोको म्हणून गाडी बैलगाडीसारखी चालवून राहिलो. मागचे ट्रकवाले शिव्या देऊन राहिले." पाहत होते मात्र भिंतीकडे.

सांजेला कळ्या उमलल्या. ठमीला तीन फुलं, लाजरीला दोन. मी नराचं फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या फुलाला अलगद टेकवला. एका नराने दोन फुलं, जास्त नाही. हे मोबाइलची बत्ती धरून.

तेवढ्यात मागून डोक्यावर तांदूळ पडले. आई! काठी टेकत, चिखलातून, मुठीत अक्षता घेऊन. "लगीन लावून राहिले ना? मग सावधान तरी म्हना!"

एवढं हसलो तिघंही. मग यांनी आईंचा हात धरला आणि दारापर्यंत नेऊन सोडलं, एकेक पाय बघून. तिथून न्हाणीपर्यंतचा चिखल बत्तीने बघत उभे राहिले. ते मी पाहिलं. यांचंही खरं आहे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
तीन गळाली. पण दोन!! दोन धरली! ठमीची बोराएवढी, लाजरीची त्याहून थोडी लहान. देठ हिरवा, ताठ. दिवसातून दहा वेळा जाऊन येते. एका बाईचा ब्लाउज उलटा शिवला, काठ आत. उसवते आता.

सुनंदाला फोटो पाठवला. तिने नाचणाऱ्या बाईचं चित्र पाठवलं.

२८ ऑगस्ट, बुधवार
लाजरीचं गेलं. फळमाशीने टोचलं, आतून किडलं. हातात घेऊन बसले होते तर हे म्हणाले, "एक हाये ना अजून?" म्हणजे हरायची घाई यांनाही नाही की काय!

ठमीच्या फळाला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवली, तोंडाला नाडी. माशी आता बस बाहेर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं शिवणकाम, आणि मापही अगदी बरोबर आलं. पहिल्या दिवशीच शिवायला हवी होती. पुढच्या वेळी फूल मिटलं की लगेच पिशवी.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा
दारासमोर बैलजोड्या आल्या, पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. लक्ष माझं मागे.

काटवल तयार होतं. हिरवं, काटे मऊ, लिंबापेक्षा मोठं. एकच. हे सकाळपासून चिडवत, "एका काटवलाची भाजी व्हते का? सौद्यात भाजी म्हटलं होतं." मी म्हटलं, फोडी करीन, कांदा जास्त घालीन, बाडी वाचते तर एका काटवलात गाव जेवू घालीन. विळा घेतला, वाटी घेतली, निघाले.

"तोडू नोको." आई. काठी टेकत मागेच आल्या होत्या.

म्हटलं, आई, सौदा आहे, आज शेवटचा दिवस.

"बियाले ठेव. पिकू दे, बियातून एखादा नर निघन. पुढल्या साली पैलवान कुठून आनशीन? दरसाली याले सालेकशाले पाठवतं का?"

मी तशीच उभी. जिच्यासाठी सिमेंट आलं ती बाई पुढल्या सालच्या वेलाचं बोलून राहिली. पण न तोडलं तर सौदा हरले, हेही खरंच ना.

पिशवीची नाडी परत बांधली.

यांच्या ताटात पुरणपोळी, वडे, कढी, आणि काटवल नाही. "म्हणजे मी जिंकलो," हे म्हणाले.

"जेव चुपचाप," आई म्हणाल्या. "पोळी थंडी होऊन राहिली."

३ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी पोरं नारबोदचा पुतळा गावाबाहेर न्यायला ओरडत गेली, रोगराई घेऊन जा गे नारबोद, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे नारबोद. मीही दारातून ओरडले, "सिमेंटच्या थैल्या घेऊन जा गे नारबोद!" आतून हे खोकल्यासारखे हसले.

दुपारी थैल्या तपासल्या यांनी. खालची दगड झाली आहे, फोडली तरी फुटणार नाही. वरची चांगली. एका थैलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत होत नाही. दारापासून न्हाणीपर्यंत माणूस चालेल एवढी वाट होते. दुसरी आणणार का, एवढंच विचारलं. "पाहू," म्हणे.

काटवलाची एक बाजू पिवळी दिसून राहिली. पिकून राहिलं की आत काही शिरलं, पिशवी सोडायची हिंमत होत नाही.

चारच्या सुमारास यांनी खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली, माझ्याच डब्यातली. मशीनवरून दिसत होतं. दोरी सरळ ठमीच्या ओट्यावरून गेली. ओठ चावून चहा टाकायला उठले. चहा घेऊन बाहेर आले तर खुंटी हातभर अलीकडे, ओटा दोरीच्या बाहेर. हे तंबाखू मळत भिंतीकडे बघून राहिले. आई खुर्चीवर, काठीच्या टोकाला ओली माती.

कोणी सरकवली, विचारलं नाही. तिघांनी चहा घेतला. थैली अजून फोडलेली नाही.