पिवळ्या फ्रॉकचं राहिलेलं माप

९ मार्च, सोमवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, आणि या वेळी हे वाक्य मी रीत म्हणून लिहिलेलं नाही. आपल्या भिंगरीची मान मोडलेली नाही. कधी मोडलीच नव्हती. आधी एवढं नीट वाचा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

तुम्ही फोन बंद करून ठेवलात म्हणून कागद घेतला. तुम्ही ज्या मैत्रिणीकडे जाऊन राहिलात तिचा पत्ता दुकानाशेजारच्या बटणवाल्या काकांनी दिला. कुणाला सांगू नका असं तुम्ही त्यांना बजावलं होतंत म्हणे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि लगेच सांगून टाकला.

पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून मानेच्या दुसऱ्या मणक्यातली काळी रेघ दाखवली आणि 'फ्रॅक्चर वाटतंय' म्हणाले, तिथपर्यंत तुम्ही होतात. मग तिला मानेला घातलेल्या कॉलरसकट मुलांच्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलायला एकदम फटकळ. त्यांनी एक्स-रे पाहिला, भिंगरीला पाहिलं आणि विचारलं, "वय काय हिचं?" चार म्हटल्यावर म्हणाल्या, "मग ही रेघ असणारच."

वन्सं, एवढ्या वयात तो मणका अखंड नसतोच मुळी. तुकड्यातुकड्यांनी तयार होतो. मध्ये मऊ कूर्चा असते, ती एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथे फट वाटते. तुम्ही कसे फ्रॉकचे भाग आधी कच्च्या टाक्यावर ठेवता, तसंच काहीसं. सहा-सात वर्षांची होईपर्यंत आपोआप जुळून येतं. मोडलेल्या हाडाची कड ओबडधोबड असते, हिची गुळगुळीत होती आणि जिथे असायला हवी तिथेच होती. पहिले डॉक्टर रोज मोठ्यांची हाडं बघणारे, त्यांना ती मोडल्यासारखी वाटली. तरी बाईंनी खात्रीसाठी एमआरआय करून घेतला. कुठे सूज नाही, काही नाही. कॉलर काढल्यावर पोरीने मान अशी फिरवली की नर्सला हसू आवरेना. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. कॉलर तिने हट्टाने घरी आणली. आता ती तुमच्या शिवणाच्या दुकानातल्या पुतळ्याच्या गळ्यात आहे. त्याची मान दुखते म्हणे.

बाईंनी आणखी एक विचारलं, पडल्यावर हिला उचललं कुणी? मी म्हटलं, कुणीच नाही. माप द्यायला कटिंगच्या टेबलावर उभी होती, टेप पकडायला झेपावली आणि डोक्यावर आली. मी धावत दुकानात आले तर तुम्ही चिंध्यांमध्ये पालथ्या पडलेल्या. तिच्या दोन्ही कानांशी हात धरून डोकं जागचं हलू देत नव्हतात, आणि गाडी येईपर्यंत तिला पुतळ्याच्या लग्नाची गोष्ट सांगत होतात. मी उचलायला वाकले तर माझ्यावरच खेकसलात. बाई म्हणाल्या, मान खरंच मोडली असती तर त्या हातांनी पोरगी वाचवली असती. तुमचे बंधुराज शेजारीच उभे होते, खाली मान घालून.

त्यांच्याबद्दल लिहायचं मी इतका वेळ टाळतेय. पहिल्या दवाखान्याच्या जिन्यात ते तुम्हाला जे बोलले, ते मीही ऐकलं. 'ताई, पोटची असती तर टेबलावर चढवली नसतीस.' तुम्ही पर्स उचललीत आणि निघालात. मी त्यांची वकिली करणार नाही. मी हे लिहीत असताना ते सारखे पाणी प्यायला आत येतायत आणि कागदाकडे बघून परत जातायत. रविवारी तुम्हाला न्यायला येतील. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. थोडा वेळ बाहेर ताटकळत ठेवलंत तर माझी काही हरकत नाही.

मला माझं सांगायचंय. मी कामावर परत जायला लागले तेव्हा ही अजून पालथीही पडत नव्हती. पहिलं पाऊल तिने तुमच्या दुकानात टाकलं, मला ते संध्याकाळी तुमच्याकडून कळलं. तेव्हा थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं मी कामावर निर्धास्त बसले ती तुमच्या जिवावर. आभार मानले की तुम्ही चिडता, ठाऊक आहे मला. तरी मानते, अगदी मनापासून. चिडायचं तर इथे येऊन चिडा.

पिवळा फ्रॉक तसाच पडलाय, टाचण्यांसकट. बाह्या नाहीत, पाठ नाही. दुसऱ्या कुणाकडून शिवून आणू का म्हटलं तर पोरगी टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर यायला तयार नाही. माप पुन्हा घ्यावं लागणार. तुम्ही आलात की मी स्वतः तिला त्याच टेबलावर उभी करणार आहे, आणि तुमच्या हाती देऊन कामावर निघून जाणार आहे.

वाट बघतेय.

आपल्या दोघींच्या पोरीची आई