खेकड्याचा काही दोष नव्हता

लिहून ठेवणार : लू बोनिएन, वय एक्क्याऐंशी, धंदा नाडी पाहण्याचा व सुया टोचण्याचा, राहणार लियेनशी गाव, यांगचेंग सरोवराचा पूर्व काठ.

आज सकाळी माझी नाडी मी स्वतःच पाहिली. मंद आहे, खोल गेली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे सगळे माझ्याआधी गेले. सबब हे स्वखुशीने लिहून ठेवतो. 'स्वखुशीने' हा शब्द रिवाज म्हणून घातला आहे, खुशी यात काही नाही.

१. राहते घर, मागचे डाळिंबाचे झाड व बँकेतली ठेव माझी मुलगी वेईचिंग हिला. दवाखान्याच्या खोलीला तिने चुना लावून घ्यावा. शेक देण्यासाठी जाळलेल्या नागदवण्याचा धूर भिंतींत मुरला आहे.

२. चांदीच्या सुयांची डबीही तिलाच. पण टोचायला नव्हे, नुसती ठेवायला. ती ही विद्या शिकलेली नाही. शिकलेल्याने काय केले ते कलम चारमध्ये आहे.

३. औषधवाला कै. छियाओ याने नेलेला माझा पितळी खलबत्ता त्याच्या नातवांकडून मागू नये. त्यापायी मी तीन वर्षे त्याच्याशी बोललो नव्हतो. शिवाय जिनसेंग म्हणून तो कसली मुळे विकायचा, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मृत्युपत्रात हे शोभत नाही, पण पुढच्या कलमाकडे पाय उचलत नाही म्हणून लिहिले.

४. माझा धाकटा भाऊ कै. जोंगछिन याची बायको शू यिनमेई शेजारीच राहते. सदतीस वर्षांपूर्वी, खेकड्यांच्या दिवसांत, ती दाढ धरून दवाखान्यात आली. म्हणाली, "दादा, आठ दिवस वर गेलेत. आधी नाडी बघा, काही आहे का."

मी तीन बोटे ठेवली. दिवस राहिलेल्या बाईची नाडी ताटलीत मोती घरंगळावेत तशी लागते. ती तशी लागली का? लागल्यासारखी वाटली, नक्की कळेना. इतक्या लवकर ते कोणालाच नक्की कळत नाही. पण बाकावर छियाओ बसला होता, आणि त्याच्यासमोर "सांगता येत नाही" म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, "काही नाही. अंगात थंडी शिरलीय." दाढेसाठी अंगठ्याच्या बेचक्यात सुई घातली, पाळी यावी म्हणून घोट्याच्या वर दुसरी. गर्भारशीला या दोन जागी सुई लावायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

तिसऱ्या दिवशी तिचे पोट पडले. रक्त थांबवायला मीच गेलो. तिने विचारले, "असं कशानं झालं, दादा?"

मी विचारले, "खेकडा खाल्लास?"

"बाबांनी परवा दोन आणले होते."

"मग झालं तर."

खेकडा प्रकृतीने थंड, गर्भाला वर्ज्य, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. सगळ्यांना पटले. पुढे तिची कूस उजवली नाही. तिचे वडील खेकडे धरणारे. दर वर्षी नवव्या चांद्र महिन्यात ते गवताने बांधलेले दोन मादी खेकडे घेऊन दारात यायचे, आणि ती दार उघडत नसे. अकरा वर्षे आले. मग वारले. हे सगळे मी माझ्या खिडकीतून पाहिले आणि तोंड उघडले नाही.

वर, तिचा जीव वाचवला म्हणून तिने मला लाल मखमली मानपत्र दिले. 'कुशल हात, दयाळू मन.' मी आयुष्यभर त्याच्याखाली बसून नाड्या पाहिल्या. मला माझी लाज वाटते. यापेक्षा बरा शब्द शोधला, सापडला नाही.

५. वरील कलम मी गेल्यावर सातव्या दिवशी यिनमेईला वाचून— हे कलम खोडले आहे. कारण लिहितो.

इतके लिहून होते तोच यिनमेई कमळकाकडीचे सूप घेऊन आली. "काय हे, मृत्युपत्र? मला काय ठेवलंय, गंजक्या सुया?"

मी कागदावर हात ठेवला.

"साक्षीला माझी सही घ्या की. अक्षर चांगलंय माझं."

"तुझी चालत नाही. यात तुझ्यासाठी काहीतरी आहे."

"बघा हं, जाता जाता भांडणं लावू नका," असे म्हणून हसत सूप गरम करायला गेली.

मी मेल्यावर कागद वाचला, तर ती शिव्या कोणाला देणार? तेव्हा असे ठरवतो की साक्षीदार आले की कलम चार मी स्वतः, तिला समोर बसवून, मोठ्याने वाचीन.

लू बोनिएन (सही, अंगठा, शिक्का)

साक्षीदारांची नोंद : कलम चार लिहून ठेवणाराने शू यिनमेई यांच्या समक्ष वाचले. दोनदा थांबले, पण पूर्ण वाचले. मग यिनमेईबाईंनी भिंतीवरचे मानपत्र उतरवले, नीट घडी घातली आणि काखेत धरले. दारात त्यांनी एवढेच विचारले, "आता हे माझ्या बाबांना कोण सांगणार, दादा?"

साक्षीदार :
१. गू शिचेन, निवृत्त शिक्षक
२. मा लिफांग, खेकड्यांचे पिंजरे विणणारी

लियेनशी, नववा चांद्र महिना, सन २००९