सोमवारी अकरा वाजता उघडे असणारे दार

प्रति,
मे. मॅनेजरसाहेब,
श्री गोदातीर मोटार सर्व्हिस,
नाशिक.

विषय : गाडी नंबर ३ चा ब्रेक व हुजुरांचे उघडे दार यांची एकदा गाठ घालून देणेबाबत.

संदर्भ : आपली ता. ६ जुलै १९३६ ची नोटीस, 'नोकरांनी वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलावे.'

महोदय,

खाली सही करणार महेबूब चांदभाई, पूर्वी टांगेवाला, हल्ली गाडी नंबर ३ चा ड्रायव्हर, सेवेशी सादर करतो की,

१. उपरोक्त नोटीस वाचून आम्हां नोकरांस गहिवरून आले. दर सोमवारी सकाळी अकरा वाजता मॅनेजरसाहेबांचे दार सर्वांस उघडे राहील, असे तीत लिहिले आहे. इतके मोकळे मन मी आजवर फक्त माझ्या चांदणी घोडीचे पाहिले होते. तिला काही खुपले की ती डावा कान हलवी, फार खुपले की लाथ मारी, आणि मला लगेच समजे. आमच्या दोघांमध्ये हेडक्लार्क नव्हता.

२. परंतु सोमवार हा त्र्यंबकेश्वराचा वार. त्या दिवशी अकरा वाजता कंपनीचे झाडून सारे ड्रायव्हर व क्लीनर यात्रेकरू घेऊन त्र्यंबकला असतात. स्वतः हुजूरही सकाळी नऊला माझ्याच गाडीने दर्शनास निघतात. सबब अकरा वाजता नाशकात फक्त दार असते. ते हुकमाप्रमाणे वीट लावून उघडे ठेवले जाते, त्याबद्दल तक्रार नाही. झाडूवाली मंगलाबाई सांगते की, गेल्या सोमवारी एक शेळी आत शिरली आणि तिने आपले म्हणणे सतरंजीवर मोकळेपणाने मांडले. दुसरे कोणी आले नाही, यावरून 'सर्व नोकर समाधानी' असा शेरा हेडक्लार्कसाहेबांनी तिन्ही सोमवारी मारला आहे. शेळीचा त्यात उल्लेख नाही.

३. हुजूर पुढच्या बाकावर माझ्या शेजारी अठरा मैल बसतात. इतक्या जवळ तर माझी बायकोही कधी अठरा मैल बसली नाही. म्हणून पहिल्या सोमवारी मी "साहेब, ब्रेक" एवढेच म्हणालो, तो आपण बोटाने पाटी दाखविली : 'चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये.' दुसऱ्या सोमवारी मी आपल्याशी न बोलता समोरच्या काचेला एक गोष्ट सांगितली. एका राजाच्या रथाला ब्रेक नव्हता आणि राजा नेमका पुढेच बसला होता. आपण पोट धरून हसलात, मला दोन वेलदोडे दिलेत आणि म्हणालात, "वाहवा, महेबूबमियाँ. थापा माराव्यात त्या तुम्हीच." वेलदोडे चांगले होते.

४. माझी ख्याती मला ठाऊक आहे. गंगापूरच्या डोहातल्या मगरीने माझ्या टांग्याचे चाक पळविले आणि मापात बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी आणून दिले, ही हकीकत स्टँडवर मीच सांगितलेली आहे. मगरीचे खोटे असेल. ब्रेकचे खरे आहे.

५. हल्लीची वस्तुस्थिती अशी. ब्रेकचे पट्टे झिजून गेले आहेत. ब्रेक दाबला असता पाय खाली जातो व गाडी पुढे जाते. परतीच्या वाटेवर सातपूरला थांबायचे झाल्यास महिरावणीपासून मनाची तयारी करावी लागते. बेलपाने विकणारी नवसाबाई सातपूरची, पण तिला आम्ही दोनदा नाशकात उतरविले. ती म्हणाली, "चाचा, तुमच्या गाडीला नाशकात काम असंल, मला नाय. आमचा म्हातारा बरा, हाक मारली की जागच्या जागी तरी थांबतो." बाई चार मैल पायी परत गेली.

गाडी थांबविण्याचे खरे काम क्लीनर केरू करतो. चालत्या गाडीतून उडी टाकून, पुढे धावून तो चाकाखाली दगड देतो. दगड आमच्याबरोबर रोज जातो-येतो, कधी रजा मागत नाही, समाधानी तर इतका की हेडक्लार्कसाहेबांनी पाहावा. त्याचे नाव नोकरांच्या पटावर घेण्यास हरकत नसावी. मात्र गेल्या सोमवारी पाऊस होता. केरूचा पाय घसरून मुरगळला आणि चाक त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबले. हे मी रंगवून सांगत नाही. त्याला अजून त्या पायावर नीट उभे राहता येत नाही, आणि उद्या तिसरा श्रावणी सोमवार आहे.

६. मिस्त्री म्हणतो, वरून लेखी आणा. हेडक्लार्कसाहेब म्हणतात, लेखी असेल ते तक्रारपेटीत टाका. पेटी हुजुरांनी मोठ्या हौसेने बसविली आहे, आणि नोकरांच्या तक्रारी लांबलचक असतात म्हणून तिचे तोंडही हातभर ठेवविले आहे. तिची किल्ली हुजुरांच्या घड्याळाच्या साखळीस असते. ती तेथून हललेली कोणी पाहिली नाही.

७. सबब विनंती की, ब्रेकचे पट्टे नवे घालून मिळेपर्यंत गाडी नंबर ३ उभी ठेवावी. विनंतीस जोर यावा म्हणून मी गाडी सुरू करण्याचे हँडल आज सायंकाळी तक्रारपेटीत टाकले आहे. पेटीच्या तोंडाचे माप त्यास बरोबर बसले, याबद्दल आभार. या गाडीस दुसरे हँडल नाही. पेटीत ब्रेकविषयीच्या नऊ चिठ्ठ्या आहेत, त्यांतली एक मिस्त्रीची आहे. मी पेटी हलवून हलवून हँडल पार तळाशी बसविले आहे, तेव्हा ते हाती येण्याआधी हुजुरांस नऊही चिठ्ठ्या उचलाव्या लागतील. उचलल्याच तर वाचाव्यात. यापायी माझी नोकरी गेली, तर टांगा अजून माझ्या दारात आहे. केरूला दुसरा पाय नाही मिळायचा.

८. हा अर्ज हुजुरांच्या नेहमीच्या जागी, पुढच्या बाकावर ठेवला आहे. उद्या नऊ वाजता आपण तो हाती घ्याल तेव्हा मी शेजारीच बसलेला असेन. पाटी चालू गाडीपुरती आहे. गाडी उभी आहे. बोलावे.

ता. २ ऑगस्ट १९३६, रविवार
मुक्काम नाशिक

हुजुरांच्या उजव्या हाताचा नम्र शेजारी,
महेबूब चांदभाई
ड्रायव्हर, गाडी नंबर ३

सोबत : दगड एक. (केरूला उचलवत नाही, म्हणून बाकाखाली मीच ठेवला आहे. पाय जपून ठेवावा.)