नाव कापलेला तक्ता

३ जून
तीन! बढतीच्या अर्जात यंदा नवा रकाना — समाजमाध्यमांवर तुमच्या संशोधनाची दखल किती. असा काही आकडा असतो हेच मला आज कळलं. तान्ह्या मुलांचा बहिरेपणा वेळेत कसा ओळखावा, यावर इतकी वर्षं घासली आणि दखल तीन. त्यातल्या दोन नवऱ्याच्या. तिसरी माझीच!

४ जून
अर्ज तसाच. यंदा बढती हुकली तर निवृत्तीपर्यंत याच खुर्चीत. दिवसभर चिडचिड.

६ जून
ग्रंथपालबाई देवासारख्या धावून आल्या. लेखाची लिंक टाकली तरच दखल मोजली जाते, म्हणाल्या. मग त्यांनी समाजमाध्यमावरचा पालकांचा एक गट उघडला. "मॅडम, हा तक्ता तुमचाच ना?"

माझाच! बाळाने कितव्या महिन्यात आवाजाला दचकावं, कधी हाकेला वळावं. कुणीतरी फोटो काढलेला. माझं नाव कापलं गेलेलं, लिंक नाहीच. खाली आयांची ही रीघ. दुसऱ्या गटातही तोच. गाव जेवून गेलं आणि यजमानीणबाईंना पत्ताच नाही!

एकीने लिहिलंय, "सासूबाई म्हणायच्या, उशिरा बोलेल, घराण्यातच आहे. हे वाचून तपासणी केली. आता कानाला मशीन लावलंय. काल दार आपटलं तर पोरगी दचकून रडली!" मीही रडले. भर ग्रंथालयात.

७ जून
बाई म्हणतात, त्या गटांना विनंती करा, लिंकसकट पुन्हा टाका. मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. ज्यांच्यावर एवढं गुदरलंय त्यांच्यापुढे आकड्यासाठी हात पसरायचा? पसरला. बढती हवीय मला, खोटं कशाला बोलू!

११ जून
चौऱ्याऐंशी! अनोळखी बायकांनी हातातली कामं टाकून लिंका टाकल्या. "ताई, एवढंच ना?" कुणाकुणाचे आभार मानू? विभागप्रमुख आकडा पाहूनच खूश. त्यामागे कोण बोलतंय, ते उघडून पाहिलं नाही. असो. अर्ज गेला.

१३ जून
सकाळी घरच्या गटावर धाकट्या बहिणीने तोच फोटो टाकला. नाव कापलेलाच. तिचं बाळ जन्मलं तेव्हा मी त्याला एकदाच पाहिलंय.
"ताई, खरं असतं का गं हे? आमचं हाकेला वळत नाही."
लगेच फोन केला. "खरं आहे. घाबरू नकोस, वेळ आहे अजून. मी निघालेय."