मेंदूचा फोटो

३ ऑक्टोबर
आज मीराबाईचं नाव आठवलं नाही. दारात उभी होती, विरजण मागत होती. लग्न होऊन दरेकशात आले तेव्हापासूनची शेजारीण. "बस ना" म्हणून वेळ मारून नेली. ती गेल्यावर नाव आलं.
मायचं असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली, मग घराची वाट. शेवटी जंगलातून उचलून आणली. तेव्हा ती माझ्याच वयाची असेल.
यांना काही बोलले नाही.

८ ऑक्टोबर
दवाखान्याच्या कामाची आशाताई येऊन गेली. गोंदियाला म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढून राहिले म्हणते. पोवार, गोंड, बौद्ध, सगळ्या समाजांचे. म्हातारपणी कोणाचा मेंदू कसा होतो, ते बघणार. आम्हा गोंडांतून कोणी तयार होईना. "मॅडम, तुम्ही शिकवलेलीच माणसं आहेत सगळी. तुम्ही गेल्या तर येतील." हो म्हटलं. माझं कारण वेगळं, ते तिला कशाला सांगू.
दुपारी लेकाचा, निखिलचा नागपूरहून फोन. सूनबाईची, पल्लवीची बाळंतपणाची रजा संपत आली, दिवाळीनंतर बाळाला तुझ्याजवळच ठेवतो म्हणाला. मी "आण ना" म्हणाले. फोन ठेवल्यावर मीराबाईचं नाव मनात परत म्हणून पाहिलं.

१५ ऑक्टोबर
गोंदियाला जाऊन आले. मीराबाई सोबत, तिचाही फोटो होता, पोवारांतून.
आधी प्रश्न. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. मला दोन आले. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काटे चुकले. मीराबाईला तर पेन्सिलच धरता येईना. तपासणारी पोरगी तिला म्हणाली, "राहू द्या आजी, तुम्ही शाळेत नाही गेल्या ना." मला तसं काही म्हणाली नाही. कसं म्हणेल. जन्मभर पोरांना घड्याळ शिकवलं मी.
मग फोटोच्या मशीनची ती नळी. डोक्यावर पिंजरा, कानात ठकठक. हातात रबरी फुगा दिला, घाबरलं तर दाबा. लय वाटलं दाबावा. पण एकदा बाहेर आले असते तर परत आत जाणं झालं नसतं.
गाडीत मीराबाई, "कायले रडून राहिली वं? मले तं आतमंदी झोप लागली."

२७ ऑक्टोबर
डॉक्टरकडे एकटीच गेले. यांना सांगितलं, पेन्शनचं काम आहे.
डॉक्टर हिंदीत बोलले. मेंदू थोडा सिकुडा हुआ, म्हणजे आकसलेला दिसतो. मग लगेच म्हणाले, "लेकिन मॅडम, नॉर्मल का जो नाप हमारे पास है, वो बाहर के लोगों का है. आपके यहाँ के लोगों का नाप अभी बना ही नहीं. वही तो बना रहे हैं."
"तो मैं ठीक हूँ या नहीं?"
"अभी नहीं कह सकता. साल भर बाद फिर देखेंगे."
म्हणजे आमच्यापैकी कोणाचा मेंदू या वयात कसा असावा, हे कोणालाच माहीत नाही. माझ्यावरूनच ठरणार. बाहेर येऊन बाकावर बसले. हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. ते पाच शब्द आठवत राहिले.

२८ ऑक्टोबर
यांना सांगितलं सगळं. शेतावर निघाले होते, विळा हातातच राहिला.
"मालूम आहे मले," म्हणाले. "तुया मांगं गॅस मीच बंद करतो."
"कधीपासून?"
ते विळा घेऊन शेताकडे निघाले.
दिवसभर तेच डोक्यात. गॅस चालू राहिला, हे मला एकदाही आठवत नाही.

१ नोव्हेंबर
निखिल ऐकून घेणार नाही, म्हणून पल्लवीलाच फोन लावला. नावं विसरते, गॅस, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. तिकडे बाळ कुरकुरत होतं. मग म्हणाली, "आई, बरं झालं सांगितलं. मी यांच्याशी बोलते."
आवाज कसा होता, ते परत परत आठवून पाहते. रागाचा नव्हता. दुसरं काही कळलं नाही.

६ नोव्हेंबर
नागपूरचा फोन नाही.
सकाळी हे माळ्यावर चढून निखिलचा लहानपणचा पाळणा घेऊन आले. धुतला, उन्हात वाळवला, आता आढ्याला दोर बांधून राहिले. गाठ ओढून बघतात, परत सोडतात, परत बांधतात. मी उंबऱ्यात बसून बघते आहे. राहू द्या, बाळ येईलसं वाटत नाही म्हणावं, असं दोनदा तोंडाशी आलं.
उठून दोराचं दुसरं टोक धरलं.