मागची घडीची खुर्ची

प्रिय कॅप्टन ठमाबाई,

घरी पोचले. येतानाचं विमान दुसऱ्याच कुणी चालवलं, पण त्याचा फ्लाइट प्लॅन आमच्याच खोलीतून गेलेला होता, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. चहा टाकलाय आणि तो उकळेपर्यंत तुला लिहायला बसलेय. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू 'हं, हं, बोल' म्हणत दुसऱ्या हाताने बॅग भरत असतेस, ते मला इकडे ऐकू येतं. आणि आज तुझ्या विमानात मला जे बोलायचं होतं, ते बोलायचं राहूनच गेलं. इतका वेळ एखादी गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही. ऑफिसात मला रेडिओ म्हणतात ते काही उगीच नाही.

तुला वाटलं असेल, आईची वर्षातली सक्तीची फेरी, योगायोगाने तुझ्या वाट्याला आली. योगायोग कसला. आम्हा डिस्पॅचर लोकांना वर्षातून एकदा कॉकपिटमध्ये, वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसून जावं लागतं. ज्यांना आम्ही जमिनीवर बसून वाट आणि इंधन आखून देतो, त्यांचं काम एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. दरवर्षी मी चालढकल करते, कारण ती खुर्ची म्हणजे कमरेचा छळ आहे. या वर्षी मात्र ड्यूटी लावणाऱ्या बाईंच्या मी हात धुऊन मागे लागले, की मला हिच्याच विमानात घाला. त्यांना वाटलं, लेकीचं कौतुक. ते तर होतंच. पण खरं कारण असं, की ती गोष्ट मला घरी सांगता येत नव्हती. तू येतेस, बॅग टाकतेस आणि हात-पाय धुवायच्या आधी बाबांची खुर्ची पुसतेस. जेवणाच्या टेबलाची ती खिडकीकडची खुर्ची. बाबा गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलं नाही. मधल्या काळात मी तिच्यावर वाळलेले कपडे टाकते, ते तू येणार म्हटलं की घाईघाईने उचलते. त्या खुर्चीसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. विमानात ती नाही. शिवाय तिथून तू उठून जाऊ शकत नाहीस, असा माझा साधा हिशेब होता.

तर सकाळी मी कॉकपिटच्या दाराशी येऊन उभी राहिले. पर्समध्ये ऑफिसचा कागद होता, गळ्यात ओळखपत्र होतं, सगळ्या सह्या झालेल्या होत्या. पण त्या खुर्चीचा रिवाज तुलाही ठाऊक आहे. कागद कितीही मोठ्या साहेबाच्या सहीचा असो, कॅप्टनला तोंडाने विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि कॅप्टन नाही म्हणाला तर मुकाट्याने मागे फिरायचं. मी आवाज साफ केला आणि म्हटलं, कॅप्टन, आज तुमच्याबरोबर येऊ का, परवानगी आहे का. तू माझं ओळखपत्र हातात घेऊन, फोटो आणि चेहरा दोन्ही नीट तपासून, म्हणालीस, आहे, या मॅडम, पट्टा घट्ट बांधा. चेहरा अगदी गंभीर. फक्त ओठाचा डावा कोपरा हलला, लहानपणी साखरेच्या डब्यापाशी सापडलीस की हलायचा तसा. तुझ्या शेजारच्या त्या उंच कोपायलटने ते पाहिलं आणि बिचारा उगीचच खिडकीबाहेर बघायला लागला.

बसले, पट्टे आवळले, हेडफोन चढवला आणि म्हटलं आता सुरू करावं. तर तुमचं चेकलिस्टचं वाचन सुरू झालं, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ते संपलं तर विमान हललं, आणि मग दहा हजार फुटांपर्यंत कामाशिवाय कुणी अवाक्षर काढायचं नाही हा नियम. नियम मला पाठ आहे गं. पण पाठ असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. मी तोंड मिटून तुझी मान बघत बसले. शाळेत असताना वेण्या घालायला बसलीस की तुझी मान एका जागी राहायची नाही, मी चिडून कंगवा आपटायचे. आज तीच मान किती स्थिर होती. मला फार अभिमान वाटला, ठमे. डोळ्यांत पाणी आलं, आणि पट्ट्यांमुळे रुमालापर्यंत हात पोचेना, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

वर गेल्यावर बोलायला मोकळीक झाली, पण मध्ये कोपायलट. तो मला अदबीने काकू म्हणाला आणि माझ्या इंधनाचा विषय काढला. तुझ्या विमानाला मी नेहमी थोडं जास्तच इंधन लावते, हे तुमच्याकडेही पसरलंय तर. मी म्हटलं, शेवटचा आकडा कॅप्टनचा असतो, तिने कमी करावं. तू म्हणालीस, कधीच केलं नाही. हे मला माहीत नव्हतं. मग तो एकदाचा बाथरूमला उठला आणि मी पुढे सरकले, तर नियमाप्रमाणे हवाई सुंदरी आत येऊन दाराशी उभी राहिली, वर हसून मला बिस्किटं दिली. ती गेली आणि मला आठवलं, की इथला शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो. माझ्या बातमीची ध्वनिफीत विमानाच्या पोटात राहावी, हे काही मला बरं वाटेना. म्हणून मी बिस्किटं खाल्ली.

आणि मग उतरणं. सकाळी निघताना हवामानवाले म्हणाले होते, की तिकडे दुपारपर्यंत वारा फिरेल आणि आडवा येईल. हवामानवाले म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या हवामान कचेरीतले ते गृहस्थ. जगाला पावसाची सूचना देऊन स्वतः छत्री विसरणारे. त्यांनी मागे आपल्या बेसिनचा गळका नळ दुरुस्त करून दिला, हे मी तुला फोनवर सांगितलं होतं आणि तू 'हं' म्हणाली होतीस. वारा अगदी त्यांनी सांगितला तेव्हाच फिरला. तू विमान तिरकं धरून असं अलगद उतरवलंस, की मांडीवरचा बिस्किटाचा चुरासुद्धा हलला नाही. पण त्याआधी, दहा हजारांच्या जरासं वर असताना, तू कोपायलटला म्हणालीस, हा अंदाज कुणी दिलाय, माणूस भरवशाचा दिसतो. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दहा हजार आलं आणि तू न वळता एक बोट वर केलंस. गप्प. जन्मात इतकं गप्प बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. खाली आल्यावर दार उघडलं, माणसं शिरली, तुझी पुढच्या उड्डाणाची घाई, आणि तू मला सगळ्यांदेखत मिठी मारून मॅडम, पुन्हा या म्हणालीस.

तर ते असं आहे. तो भरवशाचा माणूस आणि मी, आम्ही लग्न करायचं म्हणतोय. हे वाचून तू उभी राहिली असशील, तर बस. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. मला ते आवडतात, त्यांच्याबरोबर मला हसू येतं, आणि ते माझं सगळं बोलणं ऐकून घेतात, यातच काय ते समज. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मी काही सांगितलेलं नसताना टेबलापाशी थांबले आणि 'मी कुठे बसू' एवढंच त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं. आजही ते त्यावरच बसतात, गुडघे टेबलाला आपटतात तरी. लेकीला आधी विचार, हे त्यांचंच म्हणणं. या गोष्टीला मला कुणाची परवानगी लागत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. कागद तर सकाळीही माझ्या पर्समध्ये होताच. तरी मी दाराशी थांबून विचारलं, कारण आत तू होतीस. बाबांची खुर्ची खिडकीशी आहे तशीच राहील, आणि तूच ती पुसशील. मला फक्त मागे एक घडीची खुर्ची उघडायची आहे. कॅप्टन, परवानगी आहे का? पत्र मिळालं की फोन कर. तू बोल, हवं तर रड, हवं तर रागाव. आपण दहा हजार फुटांच्या खाली आहोत असं समजून मी नुसती ऐकेन.

तुझीच,
रेडिओ आई