पडत्या भावातली सही

सेक्टर ६, भिलाई
८ ऑक्टोबर १९६३

ती. शेषदादास वच्छलाचा नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. ह्यांची सध्या पहिली पाळी आहे. मथुरा टायपिंग शिकायला दुर्गला जाते. नागपूरला सायन्स कॉलेजात जायचं म्हणायची; आता म्हणत नाही.

दसऱ्याला कमलावहिनी चार दिवस राहून गेल्या. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे.

गेल्या नोव्हेंबरात चीनची फौज आसामकडे सरकत होती, तेव्हा तू वर्तमानपत्र घेऊन आलास. "वच्छे, बाजार कोसळून राहिला. आज शेअर विकले तर चार पैसे येतील, आठ दिवसांनी रद्दी होईल. मी माझे कालच काढले."

बाबांनी रेल्वेत गार्डाची नोकरी करताना पोटाला चिमटा घेऊन गिरणीचे ते शेअर घेतले होते. जाताना दोघांना निम्मे-निम्मे दिले. माझे मथुरेच्या शिक्षणासाठी होते, हे तुला माहीत होतं.

हे म्हणाले, "पडू द्या ना भाव. गिरणी तर चालू हाये. लोकं कापड घालनं सोडून देतीन काय?"

मी तुझ्यासमोरच म्हटलं, "तुमाले लोखंडातलं समजते. बाजारातलं माह्या भावाले समजते."

हे सायकल काढून ड्युटीवर गेले. मी सही केली. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. दलाल भरेल, म्हणालास.

निम्म्याहून कमी भावाच्या हिशोबाने मनीऑर्डर आली. त्याच आठवड्यात लढाई थांबली आणि उन्हाळ्यापर्यंत भाव होता तिथे आला. मी मनाला समजावलं, दादाचंही गेलंच की. तुझ्यासाठी हळहळले रे मी.

आणि दसऱ्याला करंज्या तळताना वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मामंजींचे शेअर घरातच राहिले ते बरं झालं. तुमचे माझ्या नावावर केले ह्यांनी. ह्यांचे तर होतेच."

म्हणजे तुझे तू विकलेच नव्हतेस.

ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "मथुरेले सांगू नको. मामावर लय जीव हाये तिचा." मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर मला सोसलं असतं.

शेअर परत पाठवू नकोस. भीती तू घातलीस, पण घरच्या माणसाचं तोंड मी बंद केलं. तेवढं माझं मी भोगते.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. येऊ नकोस. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. मीही तसंच करीन. मामाला सुट्टी मिळाली नाही, असं मथुरेला सांगेन.

सौ. वच्छला गुलाबराव ठवकर